लोखंड ताऱ्यांचं, नाव कोणाचं?

मुंबई-नाशिक महामार्गावर भिवंडी मागे टाकली की पडघ्याच्या आसपास विजेचे मनोरे दाटीने दिसू लागतात. महाराष्ट्राच्या वीजवहनातलं हे मोठं ठाणं. चंद्रपूरहून निघालेली ५०० किलोव्होल्टची डीसी वाहिनी साडेसातशे किलोमीटर तोडून इथे उतरते. तिची क्षमता १५०० मेगावॉट. मनोरे पोलादाचे, तारा ॲल्युमिनियमच्या, आणि ताण सोसायला त्या तारांच्या पोटात पुन्हा पोलादच. हे लोखंड खाणीतून आलं, हे खरं. पण खाणीत कुठून आलं? पृथ्वीने ते बनवलेलं नाही, सूर्यानेही नाही. सुमारे ४६० कोटी वर्षांपूर्वी ज्या वायू-धुळीच्या ढगातून सूर्यमाला घडली, त्या ढगातच ते होतं. आणि ढगात ते आलं होतं आधी जगून मेलेल्या ताऱ्यांकडून.

एवढं आता शाळकरी मुलांनाही ठाऊक असतं. पण हे पहिल्यांदा कोणी सांगितलं, असं विचारलं तर बहुतेक अभ्यासक १९५७च्या एका शोधनिबंधाचा हवाला देतात. लोखंडापुरतं बोलायचं तर मूळ उत्तर त्याआधी तीन वर्षं, १९५४ साली, दुसऱ्याच निबंधात छापून आलं होतं. एकाच्या खात्यावर सगळं जमा झालं आणि दुसरा मागे पडला. विज्ञानातला हा जमाखर्च कसा लिहिला जातो, हे समजून घ्यायला ताऱ्यांच्या विज्ञानाइतकं चांगलं उदाहरण सापडणं कठीण.

मृगात दिसणारं आयुष्य

आधी ताऱ्यांकडे वळू. जानेवारीत रात्री आठ-नऊच्या सुमारास भिवंडीकडच्या गोदामांच्या दिव्यांकडे पाठ करून पूर्व-आग्नेयेला पाहिलं, तर मृग नक्षत्र चांगलं वर आलेलं असतं. मृगाच्या पोटात घुसलेला तीन ताऱ्यांचा बाण ओळखायला सोपा. त्या बाणाच्या जरा खाली एक अंधूक, पुसटसा ठिपका दिसतो. तो मृगातला तेजोमेघ; तिथे आजही नवे तारे जन्माला येत आहेत. बाणाची रेघ खाली वाढवली की व्याध लागतो. तो भर उमेदीतला तारा, केंद्रात हायड्रोजनचं हेलियम करणारा. मृगाच्या वरच्या बाजूला तांबूस दिसते ती आर्द्रा. केंद्रातला हायड्रोजन संपवून प्रचंड फुगलेली, म्हातारपणाकडे झुकलेली. आणि व्याधाला एक जोडीदार आहे, नुसत्या डोळ्यांना न दिसणारा: श्वेतबटू, म्हणजे इंधन संपलेल्या ताऱ्याचा उरलेला गाभा. जन्म, उमेद, म्हातारपण, मरण हे सगळं आकाशाच्या एवढ्याशा तुकड्यात.

ताऱ्याचं आयुष्य कसं जाणार, हे मुख्यतः त्याच्या वस्तुमानावर ठरतं. सूर्य दर सेकंदाला सुमारे ६० कोटी टन हायड्रोजन खर्ची घालतो, तरी त्याचा साठा एकूण हजार कोटी वर्षं पुरेल. सूर्याच्या २५ पट वस्तुमानाचा तारा मात्र उधळ्या. त्याच्या गाभ्यात हायड्रोजन टिकतो साधारण ७० लाख वर्षं. मग गाभा आकुंचन पावतो, तापतो आणि हेलियमचं कार्बन व्हायला लागतं. ते चालतं काही लाख वर्षं. कार्बन जळतो सुमारे ६०० वर्षं, आणि ॲल्युमिनियम मुख्यतः याच आणि याच्या पुढच्या टप्प्यात तयार होतं. निऑन साधारण एक वर्ष, ऑक्सिजन सहाएक महिने, आणि शेवटी सिलिकॉन केवळ एक दिवस. सिलिकॉन जळून जे उरतं ते लोखंडाच्या गटातलं. इथे गाडं अडतं. लोखंडाचं केंद्रक इतकं घट्ट बांधलेलं असतं की ते जोडून ऊर्जा मिळत नाही, उलट घालावी लागते. आतून आधार देणारी आग विझते, गाभा सेकंदाच्या आत कोसळतो आणि वरचे थर स्फोटात बाहेर फेकले जातात. लोखंडाचा दुसरा मोठा पुरवठा श्वेतबटूंच्या स्फोटांतून होतो. पडघ्याच्या मनोऱ्यांत या दोन्ही प्रकारच्या स्फोटांचा वाटा आहे.

हॉयल यांचं खातं

जड ताऱ्यात एकामागून एक इंधनं जळतात, थरावर थर साचतात आणि स्फोटातून ते सगळं अवकाशात विखुरतं, हे चित्र फ्रेड हॉयल यांचं. मराठी वाचकाला हे नाव परकं नाही. कोल्हापुरात जन्मलेले जयंत नारळीकर केंब्रिजमध्ये याच हॉयल यांच्या हाताखाली संशोधन करत होते, आणि पुढे नारळीकरांनीच पुण्यात ‘आयुका’ ही खगोलशास्त्राची संस्था उभी केली.

हॉयल यांनी १९४६ सालीच तप्त ताऱ्यांच्या पोटात जड मूलद्रव्यं घडतात, असं मांडलं होतं. १९५३ साली ते कॅलिफोर्नियातल्या कॅल्टेकमध्ये होते. तीन हेलियम केंद्रकं एकत्र येऊन कार्बन व्हायचा तर कार्बनच्या केंद्रकाला एका ठरावीक जागी, सुमारे ७.६५ एमईव्हीवर, ऊर्जापातळी असलीच पाहिजे, असं त्यांचं गणित सांगत होतं. नाहीतर विश्वात कार्बन इतका कमी झाला असता की हा हिशेब करायला कोणी उरलं नसतं. तिथल्या वॉर्ड व्हेलिंग यांच्या गटाने प्रयोग केला आणि पातळी सापडली.

आता नावांकडे नीट पाहा. परिषदेत सादर झालेल्या संक्षिप्त टिपणावर प्रयोगकर्त्यांनी पहिलं नाव हॉयल यांचं घातलं. पण त्याच वर्षी प्रयोगाचा निबंध छापला गेला त्यावर डनबार, पिक्सली, वेन्झेल आणि व्हेलिंग अशी चार नावं आहेत. हॉयल यांचा उल्लेख मजकुरात आहे, लेखकांत नाही. दोन्ही निर्णयांत अप्रामाणिक काहीच नाही. भाकीत करणारा हा प्रयोगाचा लेखक मानायचा का, या प्रश्नाची ही दोन सरळ उत्तरं आहेत. मात्र मोजणाऱ्या यंत्राला मजकुरातला आदर दिसत नाही. त्याला दिसते ती फक्त लेखकांची ओळ.

पुढच्याच वर्षी, १९५४ साली, ‘ॲस्ट्रोफिजिकल जर्नल’च्या पुरवणीच्या पहिल्याच खंडात हॉयल यांचा एकट्याचा निबंध आला. कार्बनपासून निकेलपर्यंतची मूलद्रव्यं तप्त ताऱ्यांत कशी घडतात, हा त्याचा विषय. लोखंड त्यातच आलं. आणि १९५७ साली ‘रिव्ह्यूज ऑफ मॉडर्न फिजिक्स’मध्ये १०४ पानांचा तो महानिबंध प्रसिद्ध झाला: मार्गारेट बर्बिज, जेफ्री बर्बिज, विल्यम फाउलर, फ्रेड हॉयल. नावं अक्षरानुक्रमे. आद्याक्षरांवरून जगभर त्याला ‘बी-स्क्वेअर-एफ-एच’ म्हणतात. मूलद्रव्यं घडण्याच्या आठ प्रक्रिया त्यात एका जागी बांधल्या होत्या. ज्याला संदर्भ द्यायचा त्याने हा एक दिला की काम भागत असे. साहजिकच १९५४चा निबंध सावलीत गेला.

त्या महानिबंधाच्या पन्नाशीला, २००७ साली, खगोलभौतिकशास्त्रज्ञ डोनाल्ड क्लेटन यांनी ‘सायन्स’मध्ये हॉयल यांची बाजू मांडली. त्यांचं म्हणणं असं की हॉयल यांनी जड ताऱ्यांतल्या घडणीचं मुख्य समीकरण शब्दांत सांगितलं होतं, पण चिन्हांत मांडलंच नाही. त्यामुळे पुढच्यांना त्यावर बोट ठेवता आलं नाही. आणि १९५७च्या निबंधात त्या भागाला मिळायला हवं होतं तेवढं स्थान मिळालं नाही. त्या निबंधाच्या लेखकांत स्वतः हॉयलही होते. म्हणजे आपल्याच जुन्या कामावर पडदा पडायला त्यांचाही हात लागला होता.

१९८३चं भौतिकशास्त्राचं नोबेल फाउलर आणि सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांना विभागून मिळालं. हॉयल यांना नाही. हॉयल यांचा १९५४चा निबंध ज्या नियतकालिकाच्या पुरवणीत आला, त्याचे त्या काळातले व्यवस्थापकीय संपादक चंद्रशेखरच होते. आणि ताऱ्यांत मूलद्रव्यं घडतात ही मोठी कल्पना हॉयल यांनीच १९४६ साली प्रस्थापित केली, हे खुद्द फाउलर यांनी नोबेलच्या निमित्ताने लिहिलेल्या आत्मपरिचयात नोंदवलं आहे. सोबत काम केलेल्यांना श्रेय कोणाचं हे पक्कं ठाऊक होतं. घोळ झाला तो बाहेरच्यांच्या हिशेबात.

मोजणीची हत्यारं

तो हिशेब करायचं साधन या निबंधांच्याच सुमारास तयार होत होतं. कोणता निकाल पुढे कोणत्या निकालात आधाराला घेतला गेला, याची सूची अमेरिकेतले वकील एकोणिसाव्या शतकापासून वापरत आले होते. यूजीन गारफिल्ड यांनी १९५५ साली सुचवलं की विज्ञानासाठीही अशी सूची करावी. १९६०च्या दशकात त्यांची ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’ निघाली. गारफिल्ड यांचा मूळ हेतू माग काढण्याचा होता: एखादी कल्पना पुढे कुठे गेली, तिच्यावर आक्षेप आला का, हे वाचकाला कळावं. माणसांना गुण देण्यासाठी तिचा वापर सुरू झाला तो नंतर.

या छापील सूचीत एक मेख होती. ज्या निबंधाचा संदर्भ दिला जाई, तो केवळ पहिल्या लेखकाच्या नावाखाली नोंदला जाई. ‘बी-स्क्वेअर-एफ-एच’चे सगळे उल्लेख बर्बिज यांच्या नावाखाली. फाउलर किंवा हॉयल शोधायला गेलात तर त्या जागी काहीच नाही. चौघांनी भागीदारीत दुकान काढावं आणि सगळी विक्री एकाच्याच खातेवहीत चढावी, तसा हा प्रकार. आणि तो एक कोण, हे ठरवणार वर्णमाला.

खगोलशास्त्राची स्वतःची सूची नासाच्या मदतीने चालते: ‘ॲस्ट्रोफिजिक्स डेटा सिस्टिम’, बोलण्यात ‘एडीएस’. तिची एक प्रत बरीच वर्षं पुण्याच्या आयुकातून चालत असे, कारण त्या काळच्या इंटरनेटच्या वेगावर परदेशातून पानं उतरवणं जिकिरीचं होतं. एडीएसमध्ये प्रत्येक निबंधाला १९ खणांची खूण असते: वर्ष, नियतकालिक, खंड, पान, आणि सगळ्यात शेवटी पहिल्या लेखकाच्या आडनावाचं आद्याक्षर. १९५७च्या महानिबंधाची खूण ‘बी’वर संपते, १९५४च्या निबंधाची ‘एच’वर. इथे मात्र शोधताना चारही लेखकांची नावं लागतात, आणि उल्लेखांची संख्या लेखकांच्या संख्येने भागून दाखवायचीही सोय आहे. जुनी मेख संगणकाने काढली. पण खुणेच्या टोकाला जागा आजही एकाच अक्षराला.

२००५ साली होर्खे हिर्श यांनी एच-निर्देशांक सुचवला. कल्पना सुटसुटीत आहे. समजा, एका संशोधकाचे पाच निबंध आहेत आणि त्यांचे उल्लेख अनुक्रमे १०४, २०, ६, ३ आणि २. किमान तीन उल्लेख असलेले निदान तीन निबंध आहेत, पण किमान चार उल्लेख असलेले चार नाहीत. म्हणून निर्देशांक तीन. आता पहिल्या निबंधाचे उल्लेख १०४ऐवजी दहा हजार झाले तरी निर्देशांक तीनच राहतो. सातत्याने मध्यम यश मिळवणाऱ्याला हा आकडा न्याय देतो. एकच गोष्ट सांगितली पण ती युगाला पुरली, अशा माणसाची तो दखल घेत नाही.

आणखी दोन गोष्टी कोणताच आकडा सांगत नाही. पहिली, उल्लेख होकारार्थी आहे की नकारार्थी. १९९३ साली हॉयल, जेफ्री बर्बिज आणि नारळीकर यांनी महास्फोटाला पर्याय म्हणून विश्वाचं ‘अर्ध-स्थिर स्थिती’चं प्रारूप मांडलं. बहुसंख्य विश्वशास्त्रज्ञांना ते पटलं नाही आणि काहींनी निबंध लिहून खोडून काढायचा प्रयत्न केला. त्या खंडनातला उल्लेखही मोजणीत एकच, आणि सहमतीचाही एकच. दुसरी गोष्ट, फार मोठ्या यशाला उल्लेख मिळेनासे होतात. श्वेतबटूचं वस्तुमान सूर्याच्या साधारण १.४ पटींहून जास्त असू शकत नाही, ही चंद्रशेखर मर्यादा आज रोज वापरली जाते. पण ती वापरताना चंद्रशेखर यांच्या १९३१च्या मूळ निबंधाचा संदर्भ देण्याची गरज फारशी कोणाला वाटत नाही. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी हे नेमकं टिपलं होतं: कल्पना ज्ञानात इतकी मुरते की तिचा उगमच पुसला जातो. त्यांनीच १९६८ साली याची उलट बाजूही दाखवली: ज्याचं नाव आधीच मोठं, त्याच्याकडेच नवं श्रेयही ओढलं जातं.

सिसिलिया पेन यांच्या वाट्याला हेच आलं. मेघनाद साहांनी १९२० साली दिलेलं आयनीकरणाचं सूत्र ताऱ्यांच्या वर्णपटांना लावून त्यांनी १९२५च्या प्रबंधात दाखवलं की तारे मुख्यतः हायड्रोजनचे आहेत. त्या क्षेत्रातले वजनदार हेन्री नॉरिस रसेल यांना ते अशक्य वाटलं, आणि पेन यांनी आपल्याच निष्कर्षावर शंकेचं वाक्य जोडलं. चार वर्षांनी रसेल दुसऱ्या वाटेने त्याच उत्तराला पोहोचले. त्यांनी पेन यांचा उल्लेख केला, तरी पुढची अनेक वर्षं शोध रसेल यांच्याच नावे सांगितला गेला.

साडेतीन हजार लेखक

१९५७च्या निबंधातली एक प्रक्रिया सोन्याची होती. केंद्रकावर न्यूट्रॉनचा मारा इतक्या झपाट्याने व्हावा की त्याला ऱ्हास पावायला सवडच मिळू नये. मग सोनं, प्लॅटिनम, युरेनियम यांसारखी जड केंद्रकं बनतात. तिला ‘आर-प्रोसेस’ हे नाव त्या चौघांनीच दिलं. ती घडते कुठे, याबद्दल मात्र खात्री नव्हती. १९७४ साली लॅटिमर आणि श्रॅम यांनी न्यूट्रॉन तारा कृष्णविवरावर आदळून फुटला तर हे होऊ शकेल, असं सुचवलं. १७ ऑगस्ट २०१७ रोजी, सुमारे १३ कोटी प्रकाशवर्षं दूर, दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांवर आदळल्याच्या गुरुत्वीय लहरी पकडल्या गेल्या, आणि त्या स्फोटाच्या प्रकाशात ताज्या जड मूलद्रव्यांची खूण दिसली. नारायणगावजवळच्या खोडदची महाकाय रेडिओ दुर्बीण, जीएमआरटी, या घटनेचा पाठलाग करणाऱ्यांत होती. एखाद्या नियतकालिकाचा ‘इम्पॅक्ट फॅक्टर’, म्हणजे निबंधामागचे सरासरी उल्लेख, गेल्या दोन वर्षांत छापलेल्या निबंधांवरून काढतात. इथे कल्पनेपासून पुराव्यापर्यंत ४३ वर्षं गेली.

या घटनेवरच्या मुख्य एकत्रित निबंधाला लेखक होते साडेतीन हजारांच्या आसपास. त्याआधी २०१६ साली गुरुत्वीय लहरींच्या पहिल्या शोधाच्या निबंधावर सुमारे हजार नावं होती, आयुकातल्यांचीही. दोन्हींत पहिलं नाव ॲबट, कारण या लहरी पकडणाऱ्या लायगो गटाची यादी अक्षरानुक्रमे. गोंगाटातून असा क्षीण संकेत कसा वेचायचा, याचं गणित आयुकाचे संजीव धुरंधर आणि बी. एस. सत्यप्रकाश यांनी १९९१ सालच्या दोघांच्याच निबंधात मांडलं होतं, लहरी सापडण्याच्या पाव शतक आधी. हजार नावांच्या यादीत ते वेगळं दिसत नाही. १९९१चा तो निबंध उघडला तरच दिसतं.

आता आपल्याकडच्या महाविद्यालयांत लेखकांचा हा आकडा कसा फिरतो ते पाहू. प्राध्यापकांच्या बढतीसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाची २०१८ची नियमावली सांगते: दोन लेखक असतील तर प्रत्येकाला ७० टक्के गुण, दोनांहून जास्त असतील तर प्रमुख लेखकाला ७० टक्के आणि बाकी प्रत्येकाला ३० टक्के. तिघा-चौघांच्या पेपरसाठी हे ठीक दिसतं. साडेतीन हजारांना लावलं की एका पेपरमधून एकूण १,०५० पेपरइतके गुण बाहेर पडतात. समान वाटणी केली तर प्रत्येकाच्या वाट्याला साडेतीन हजारावा भाग येतो, म्हणजे काहीच नाही. दोन्ही हिशेबांत बेरीज-भागाकार बिनचूक आहे, आणि कोणी काय केलं याचा पत्ता दोन्हींत नाही.

यावर एक उपाय रुळत चालला आहे: निबंधाच्या शेवटी कोणी कल्पना दिली, कोणी उपकरण बांधलं, कोणी विश्लेषण केलं, कोणी लिहिलं, हे ठरावीक १४ भूमिकांत नोंदवायचं. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडियाची वेधशाळा उभी राहायची आहे. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, आणि २०२३ साली केंद्राने मंजूर केलेले सुमारे २,६०० कोटी रुपये. तिथे निर्वात नळ्या सांभाळणाऱ्या अभियंत्याशिवाय एकही लहर पकडली जाणार नाही. यादीत त्याचं नाव येईलही, पण त्याची भूमिका लिहिली असेल तरच त्या नावाला अर्थ राहील.

आकडे टाकून द्यावेत, असा याचा अर्थ नाही. कोणती कल्पना कुठे पोहोचली, हे त्यांच्याइतकं पटकन दुसरं काही सांगत नाही, आणि ओळखीपाळखीवर नेमणुका करण्यापेक्षा ते बरेच. पण वापर किती झाला आणि सुचलं कोणाला, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. आकडा पहिल्याचं उत्तर देतो. दुसऱ्याचं उत्तर फाउलर देऊ शकले, कारण त्यांनी हॉयल यांच्याबरोबर काम केलं होतं. क्लेटन देऊ शकले, कारण त्यांनी १९५४चा निबंध पुन्हा उघडून ओळ न् ओळ वाचला. निवड समितीत आकडे जरूर मांडावेत. त्या टेबलाभोवती उमेदवाराचा निदान एक पेपर पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलेला एक तरी माणूस असावा, एवढीच अट घालावी.